आईनं ताट पुढे दिलं

गेल्या महिन्यातला पहिला रविवार. आमच्या भायखळ्याच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. आधी भाकरीच्या तुकड्यांचं ताट येतं, मागोमाग प्याल्यांचं. भोकाभोकांचं गोल ताट, प्रत्येक भोकात अंगठ्याएवढा काचेचा प्याला, त्यात तळाशी काळसर लाल द्राक्षरस. आपला प्याला उचलायचा आणि ताट शेजारच्याकडे द्यायचं. पावसाळ्याचे दिवस होते. पंखे गरगरत होते, ओल्या छत्र्यांचा वास सुटला होता, आणि ताट बाकाबाकांवरून सरकताना प्याल्यांची बारीक किणकिण ऐकू येत होती. लहानपणापासून मला ती किणकिण प्रार्थनेचाच भाग वाटत आली आहे. आई माझ्या डाव्या हाताला बसली होती. भाकरीचं ताट तिच्याकडे आलं, तिनं दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर खाली बघितलं आणि काही न घेता माझ्याकडे दिलं. मला वाटलं, विसरली. ऐंशी उलटली आहे, उजव्या कानात मशीन आहे, होतं कधी कधी. मी हळूच म्हटलं, "आई, घे ना." तिनं मान हलवली. मग प्याले आले, तेही तिनं तसेच पुढे दिले. माझ्या हातात ताट, आणि पलीकडचा माणूस हात पुढे करून थांबलेला. मी घाईनं माझा प्याला उचलला. सगळ्यांबरोबर प्यायलोसुद्धा. आईचे दोन्ही हात मांडीवर, रिकामे.

आईनं प्रभुभोजन घेतलं नाही, असा रविवार मला आठवत नाही. बाबा गेले त्या महिन्यातही तिनं घेतलं होतं.

घरी आल्यावर ती कांदा चिरायला बसली. मी विचारलं, "बरं वाटत नव्हतं का?" म्हणाली, "बरी आहे मी." "मग?" तिनं विळी बाजूला केली. "आजचं वचन ऐकलंस ना?" मी म्हटलं, "ऐकलं की." त्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही ऐकलंस तू. तुझ्या कानावर पडलं." आणि परत कांदा चिरू लागली. वचन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं होतं. वेदीपाशी दान ठेवताना आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन दान दे. मी हे शंभरदा तरी ऐकलं असेल. तरुण संघात या ओळींवर बोललोसुद्धा आहे. थोड्या वेळानं मीच म्हटलं, "पण आई, वाद माझा आणि त्याचा. तू कशाला सोडलंस?" ती म्हणाली, "दोघं माझ्याच पोटचे. मी कुठल्या तोंडानं घेऊ?"

त्या दिवसापासून 'ऐकणं' हा शब्द माझ्या मागे लागला आहे.

आमच्याकडे पूर्वी एक पाळकसाहेब होते. गुरुवारी संध्याकाळी शास्त्राभ्यासाला आम्ही सातआठ जण जमायचो, आणि त्यांना हौस अशी, की मूळ हिब्रू अक्षरं फळ्यावर लिहून दाखवायची. उजवीकडून डावीकडे खडू चालायचा, खडूची भुकटी त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीवर पडायची. एका गुरुवारी त्यांनी तीन अक्षरं लिहिली आणि म्हणाले, "शामा. म्हणजे ऐकणे. 'आज्ञा पाळणे' असं जिथे जिथे आपण जुन्या करारात वाचतो, तिथे बहुतेक वेळा खाली हाच शब्द असतो. त्यासाठी वेगळं खास क्रियापदच नाही त्या भाषेत." मग फळ्याकडे पाठ करून म्हणाले, "इंग्रजी माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आपल्याला नाही. पोरगं ऐकत नाही, असं तुमची आई शेजारणीला सांगते तेव्हा ती काही तुमच्या कानाबद्दल बोलत नसते." जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं 'हे इस्राएला, श्रवण कर' हे वाक्य मी तोवर नुसतं एका घोषणेसारखं वाचत होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते मला आईच्या आवाजात ऐकू आलं. ऐक रे. ऐकशील का माझं? नव्या कराराच्या ग्रीकमध्येही आज्ञापालनाच्या शब्दात ऐकणंच दडलेलं आहे, असं त्यांनी पुढे सांगितलं होतं, पण मला तेवढं पुरलं.

दुसरा शब्द त्यांनी पुढच्या आठवड्यात लिहिला होता. शामर. राखणे, जपणे, पाळणे. आज्ञा 'पाळा' म्हणताना तोच शब्द येतो. आदामाला बागेत ठेवलं ते तिची मशागत करायला आणि राखण करायला, तिथेही तोच. आणि हाबेलला मारून आल्यावर काइन देवाला विचारतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे, तिथेही तोच शब्द. पाळकसाहेबांनी हे तिन्ही संदर्भ एकाखाली एक लिहिले आणि काही बोलले नाहीत. मराठीत आपण पोरं पाळतो, गुरं पाळतो, शब्द पाळतो, आज्ञा पाळतो. पाळणा हलवतो, आणि जो मंडळीला सांभाळतो त्याला पाळक म्हणतो. मला तेव्हा वाटलं, आपल्या भाषेनं हा धडा आपल्यासाठी आधीच करून ठेवला आहे. आज्ञा म्हणजे कायद्याचं कलम नव्हे, की मोडलं नाही म्हणजे झालं. ती घरात आणलेलं जितंजागतं काही असावं, तिला रोज चारापाणी बघावं लागतं. वहीत मी हे सगळं नीट उतरवून घेतलं होतं. ती वही अजून आहे.

आमच्या चाळीत, कॉरिडॉरच्या टोकाला, एक आजी राहत. आम्ही पोरं त्यांना शनिवारच्या आजी म्हणायचो. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी. त्यांच्या आडनावात इतरांसारखंच कोकणातलं गाव आणि शेवटी 'कर'. बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध अलिबागकडचं. त्यांच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण घाणा चालवायचा पण शनिवारी बैल सोडून ठेवायचे. आजी अभिमानानं सांगायच्या, की आमच्याजवळ पोथ्या राहिल्या नव्हत्या, हिब्रू राहिली नव्हती, पण शमा, म्हणजे 'हे इस्राएला, श्रवण कर' ही प्रार्थना, तोंडात होती आणि शनिवार हातात होता. फार पूर्वी कोणी डेव्हिड राहाबी नावाचा धर्मबांधव कोकणात आला, त्याला शंका, की हे खरंच इस्राएलचे का. त्यानं बायकांपुढे मासळीची टोपली ओतली, आणि त्यांनी न सांगता खवले आणि पर असलेली मासळी एका बाजूला केली, बाकीची दुसऱ्या बाजूला. ही आख्यायिका आहे, पण आजी ती अशी सांगायच्या की जणू टोपलीजवळ स्वतः बसल्या होत्या. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातली आज्ञा, समुद्रापारच्या वाळवंटात दिलेली, आणि ती शतकानुशतकं टिकली कशात, तर मासळी निवडणाऱ्या बोटांत. राब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, पुढे शास्त्रातल्या आज्ञा मोजून ६१३ भरवल्या, २४८ 'कर' म्हणणाऱ्या आणि ३६५ 'करू नको' म्हणणाऱ्या. कोकणातल्या त्या बायकांना आकडा ठाऊक नव्हता. हाताला ठाऊक होतं.

मोठ्या सणांना आजी शाअर हारहामीमला जात. सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेलं ते यहुदी सभास्थान, मुंबईतलं पहिलं. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं म्हणतात. आमच्या लोकांचाही त्यांच्याशी जुना धागा आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ च्या सुमारास मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, ते बेने इस्राएलांना डोळ्यांपुढे ठेवून. नंतर पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, १९२२ साली जाईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. पण मला आठवतात ते आजींचे शनिवार. संध्याकाळ झाली, खोलीत अंधारून आलं, की त्या आमच्या दारात येऊन आईला म्हणत, "फार काळोख पडला गं." एवढंच. शनिवारी दिवा लावणं त्यांना वर्ज्य, म्हणून 'दिवा लावायला पाठव' असंही त्या कधीच म्हणाल्या नाहीत. आई मला डोळ्यांनी खुणावायची, मी धावत जाऊन त्यांच्या खोलीतलं बटण दाबायचो. त्या पिवळ्या उजेडात आजी पलंगावर हात जोडून बसलेल्या दिसायच्या. मला प्रश्न पडायचा, की हे देवाला कळत नसेल का. आज तो प्रश्न पडत नाही. त्या बटणापाशी थांबलेल्या हातात मला आता फार मोठं काही दिसतं. मी माझ्या कुठल्या गोष्टीपाशी असा हात थांबवला?

बाबांचा दिवस रविवार होता. परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते ते. रविवारचा ओव्हरटाइम दुप्पट मिळायचा, घरात पैशांची ओढ होती, तरी त्यांनी तो घेतला नाही. रविवारी बाजार नाही, सिनेमा नाही, कपड्यांना इस्त्री शनिवारी रात्री. मी दहावीत असताना चाळीच्या संघाची अंतिम मॅच रविवारी सकाळी ठरली आणि मला उपासनेला नेलं गेलं. मी दिवसभर जेवलो नाही. त्या कडकपणाचा मला मनापासून राग यायचा, आणि तो पुरता गेला आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याच रविवारांतली आणखी एक गोष्ट आहे. दुपारची जेवणं झाली, की बाबा बाही वर करून सगळी भांडी उचलायचे आणि सार्वजनिक नळावर जाऊन घासायचे. राख, काथ्या, आणि ते लोखंड हाताळून काळे पडलेले हात. चाळीतले पुरुष गॅलरीतून बघत. एकदा कोणीतरी काही बोललं. बाबा तांब्या विसळत म्हणाले, "आज तिला सुट्टी आहे." मोठेपणी मी दहा आज्ञा शास्त्रात जिथे दोनदा येतात, त्या दोन्हीकडच्या शेजारी ठेवून वाचल्या. निर्गम या पुस्तकात शब्बाथाचं, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचं, कारण आहे, देवानं सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण बदलतं. तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा म्हणून. तू मिसरात गुलाम होतास, आठव. एकच आज्ञा, पण दुसऱ्यांदा सांगताना तिच्यात घरातली राबणारी बाई आली. बाबांनी दोन्ही कारणं पाळली. मला त्यातलं पहिलं तेवढं दिसत होतं.

संडे स्कूलमध्ये आज्ञापालन म्हटलं की अब्राहाम, देवाच्या सांगण्यावरून आपल्या इसहाकाचा बळी द्यायला निघालेला बाप. फ्लॅनेलच्या फळ्यावर चिकटवायची चित्रं होती, लाकडाची मोळी, सुरी, झुडपात शिंगं अडकलेला एडका. धाकटा भाऊ माझ्या शेजारी बसायचा. तो सहासात वर्षांचा असेल, त्यानं बाईंना विचारलं होतं, "बाबांनी इसहाकाला आधी का नाही सांगितलं?" बाईंनी त्याला गप्प बसवलं. मी आज पंचावन्नचा आहे आणि मोरिया डोंगराच्या त्या अध्यायासमोर मला अजून नीट उभं राहता येत नाही. मी मान्य करतो, की मला तो आवडत नाही. पण एक गोष्ट मला त्यात धरून ठेवते. त्या अध्यायात अब्राहाम तीनदा एकच शब्द बोलतो, हिन्नेनी, हा मी इथे आहे. पहिल्यांदा देव हाक मारतो तेव्हा. शेवटी देवदूत वरून ओरडतो तेव्हा. आणि या दोहोंच्या मध्ये, डोंगर चढताना, मुलगा 'बाबा' म्हणतो तेव्हा. हा मी इथे आहे, बाळा. देवाला जे उत्तर तेच मुलाला. मधल्या त्या हाकेला अब्राहामानं कान बंद केला असता तर बाकीच्या दोन उत्तरांना काय अर्थ राहिला असता, मला ठाऊक नाही. पुढे लिहिलंय की अब्राहाम आपल्या चाकरांकडे परत आला. इसहाक बरोबर आला असं त्या ओळीत नाही. त्यानंतर बाप आणि लेक एकमेकांशी बोलल्याचं शास्त्रात कुठेही येत नाही. ऐकण्याची किंमत घरातलं कोणी तरी भरतं, आणि शास्त्र ते लपवत नाही.

इस्राएलचा राजा शौल, त्याची गोष्ट तर याहून कठीण. अमालेक या शत्रू लोकांचं सगळं नष्ट कर, अशी आज्ञा. तो चांगली मेंढरं राखून ठेवतो, वर म्हणतो, यज्ञ करायला ठेवली. संदेष्टा शमुवेल विचारतो, मग माझ्या कानांत हे मेंढरांचं बेंबावणं कसलं? आणि मग ते प्रसिद्ध वचन, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. मुळात तिथेही 'ऐकणं' आहे. यज्ञापेक्षा ऐकणं बरं. हे वाक्य मला प्राणाहून प्रिय आहे, आणि ते ज्या प्रसंगात येतं तो प्रसंग मोठ्यानं वाचताना माझा आवाज अडखळतो, कारण त्या 'सगळ्या'त तान्ही पोरंही होती. मी पाळकसाहेबांना विचारलं होतं. त्यांनी खडू खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, आणि त्या दिवशीचा वर्ग तिथेच संपवला. खोटं उत्तर दिलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

पण 'ऐकणं' म्हणजे मान खाली घालून होय म्हणणं, असं शास्त्रात तरी नाही. तोच अब्राहाम सदोम हे शहर वाचवण्यासाठी देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमान सापडले तर, पंचेचाळीस तर, असं करत दहापर्यंत येतो. शिफ्रा आणि पुवा या सुइणी, जन्मलेले मुलगे मारून टाकायचा फारोचा हुकूम सरळ धुडकावतात, कारण त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी ऐकलेलं असतं. आणि सलाफहादाच्या पाच मुली. त्यांची नावं मला लहानपणी तोंडपाठ होती, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप मेला, मुलगा नाही, जमिनीत वाटा नाही. त्या मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचा वाटा आम्हाला द्या. मोशेनं ते देवापुढे नेलं. देव म्हणाला, या मुली बरोबर बोलतात. कायदा बदलला. वाटा मागणाऱ्याचं म्हणणं देवानं ऐकलं.

माझ्या भावानंही वाटाच मागितला होता.

बाबा गेले त्याला बारा वर्षं झाली. चाळीतली खोली पागडीची, भाडेपावती बाबांच्या नावावर. ती माझ्या नावावर करायची तर बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. धाकटा तेव्हा बदलापूरला राहायला गेलेला. तो आला, कागद वाचलासुद्धा नाही, म्हणाला, "दादा, तू बघ सगळं," आणि सही करून दोन घास खाऊन साडेनऊची गाडी पकडायला गेला. मग चार वर्षांपूर्वी चाळ पुनर्विकासाला गेली. दहा बाय बाराच्या खोलीच्या जागी तीनशे चौरस फुटांचं घर, त्याची किंमत ऐकून छाती दडपावी. धाकट्याचा फोन आला. तो भांडायला नव्हता आला फोनवर, आधी तरी नाही. म्हणाला, "दादा, बाबांच्या खोलीत माझंही काही आहे ना?" मी म्हटलं, "पावती माझ्या नावावर आहे. आईला मी सांभाळलं." दोन्ही वाक्यं खरी होती. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मी सही तुझ्यावर भरवसा ठेवून केली होती." मी फोन ठेवला. नंतर दोघांच्या बायकांमध्ये, चुलतभावांमध्ये जे काही बोलणं झालं ते लिहीत नाही. चार वर्षं नाताळचा फोनसुद्धा नाही. आणि या चार वर्षांत मी दर पहिल्या रविवारी तो प्याला उचलला.

त्या वचनात एक बारकावा आहे. आईनं कांदा चिरताना तो मला दाखवला नाही, पण मी रात्री पुस्तक उघडलं तेव्हा तो दिसला. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं येशू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवलं तर, असं म्हणतो. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध फार काही नव्हतंच. मी स्वस्थ होतो, झोपत होतो. आज्ञा मला उद्देशून होती, ती यासाठी, की अस्वस्थ तो होता.

आणि मग मला शनिवारच्या आजी पुन्हा आठवल्या. त्यांच्यात वर्षातला सर्वांत मोठा उपासाचा दिवस, त्याला बेने इस्राएल मराठीत दार फळणीचा सण म्हणतात. त्या दिवशी घराचं दार बंद, पांढरे कपडे, अन्नपाणी नाही, बाहेरच्या कोणाशी बोलणं नाही. एका वर्षी नळावरून आई आणि आजींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. हंड्याला हंडा लागला एवढंच निमित्त, पण दोन महिने अबोला. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी आजी आमच्या दारात आल्या. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या. आईपेक्षा तीस वर्षांनी मोठ्या, आणि हात जोडून म्हणाल्या, "बाई, माझ्या तोंडून वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाल. सांज झाली की माझं दार बंद होईल." आई रडायलाच लागली. त्यांना आत घेतलं. त्या आमच्या घरचं शिजवलेलं खात नसत, म्हणून आईनं एक केळं सोलून हातात दिलं, आणि त्यांनी ते उभ्यानं खाल्लं. खूप वर्षांनी मला कळलं, की राब्बींच्या मिश्ना या जुन्या नियमग्रंथात हा नियमच आहे. माणसानं देवाचे केलेले अपराध त्या दिवशी मिटतात. माणसानं माणसाचे केलेले अपराध, समोरच्याची समजूत काढल्याशिवाय तो दिवसही मिटवू शकत नाही. गालीलातल्या डोंगरावर बोललेलं ते वचन आणि हा नियम एकाच मातीत उगवलेले आहेत. देवाकडे जायचा रस्ता शेजारणीच्या दारावरून जातो, हे आजींनी करून दाखवलं तेव्हा मी आईच्या पदराआड उभा होतो. मी सहावीत असताना आजी मुलाकडे इस्राएलला निघून गेल्या. जाताना तो दिव्याचा ग्लास, खोबरेल तेलात वात तेवत ठेवायचा, आईला देऊन गेल्या. आईनं तो बांधाबांधीत हरवू दिला नाही. आता भाड्याच्या घरात तो कपाटावर आहे, रिकामा.

या महिन्यातला पहिला रविवार आला. शनिवारी रात्री मी भाडेपावत्यांची जुनी फाइल काढून पिशवीत ठेवली. आईला काही सांगितलं नाही. सकाळी ती तयार होऊन बसली, तिला मी मोठ्या मुलाबरोबर उपासनेला पाठवलं, आणि स्वतः भायखळ्याचा जिना चढलो. रविवार म्हणजे मेगाब्लॉक. इंडिकेटरवरच्या वेळेला अर्थ नव्हता, फलाट गच्च भरलेला, पावसाची झड आत येत होती. गाडी माटुंग्यापासून रखडत गेली. माझ्या मनात मत्तयाचाच दुसरा दृष्टांत घोळत होता, दोन मुलांचा. बाप म्हणतो, मळ्यात जा. एक म्हणतो, नाही जात, आणि मागून वाईट वाटून जातो. दुसरा म्हणतो, जातो, आणि जात नाही. चार वर्षांत अठ्ठेचाळीस वेळा मी 'जातो' म्हणालो होतो, प्याला हातात धरून. कल्याणनंतर बसायला जागा मिळाली. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ. पिशवीतली फाइल मांडीवर होती आणि मला खरंच वाटत होतं, की पुढच्या स्टेशनवर उतरून परत फिरावं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. मळमळत होतं.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी बेल वाजवली. आतून धाकट्याचाच आवाज आला, "कोण आहे?"

"मी," म्हटलं. "मी आहे."

बराच वेळ काहीच आवाज झाला नाही. मग कडी निघाली. त्याचे केस पुढून पांढरे झालेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "सलाम, दादा." 'ये' म्हणाला नाही, पण दारातून बाजूला झाला. मी उभ्या उभ्याच बोललो, कारण बसल्यावर बोलू शकलो नसतो. मी चुकलो म्हणालो. तू सही माझ्या भरवशावर केली होतीस, तो भरवसा मी मोडला. नवं घर दोघांच्या नावावर व्हावं यासाठी जे कागद लागतील ते करायला मी तयार आहे, ही फाइल. त्यानं फाइल हातात घेतली, उघडली नाही, टीव्हीच्या बाजूला ठेवली. म्हणाला, "बघू." त्या 'बघू'त किती राग शिल्लक आहे मला मोजता आलं नाही, आणि तो शिल्लक ठेवायचा त्याचा हक्क आहे. त्याची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, "भाऊजी, भिजलात की," एवढंच बोलली. मग स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज सुरू झाला. आम्ही दोघं पावसाकडे बघत बसलो. त्यानं मध्येच विचारलं, "आईचं मशीन नीट चालतं का?" मी म्हटलं, "शिटी वाजते कधी कधी." तो म्हणाला, "बॅटरी उतरली असेल."

घरी पोचायला रात्र झाली. आई जागी होती, कपाटाजवळच्या खुर्चीत. मोठ्या मुलानं मला दारातच हळूच सांगितलं, आजीनं आजही ताट पुढे दिलं. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "बदलापूरला जाऊन आलो." तिनं मान वर केली. मला वाटलं, ऐकू आलं नाही, म्हणून मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "जेवलास का तिथे?"

"हो."

"काय केलं होतं?"

"बोंबलाचं कालवण. आणि तांदळाची भाकरी."

"मोडून दिली त्यानं?"

"हो. अर्धी त्यानं घेतली."

आईनं कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, आणि मला म्हणाली, दिवा बंद कर.